द्वारकाबाईंना घेऊन उपनगरांत

मुंबईहून परत आलेल्या माणसाला आमच्या अमळनेरात पहिला प्रश्न विचारतात तो समुद्राचा. मी चार ठिकाणी प्रयोग करून आले आणि मला समुद्र दिसलासुद्धा नाही, हे ऐकून शेजारच्या वहिनींना वाईट वाटलं. मी मुलुंड पाहिलं, घाटकोपरची टेकडी पाहिली, अंधेरीतलं एक जुनं गावठाण पाहिलं आणि बोरिवलीतल्या एका सोसायटीचं ऑफिस पाहिलं. त्या ऑफिसातली अर्ध्या तासाची भेट सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले आहे. पण तिथवर जायचं तर सुरुवातीपासून जायला हवं.

मी शाळेत मराठी शिकवते. शाळेच्या गॅदरिंगसाठी कधीतरी द्वारकाबाई नेने यांच्यावर छोटंसं भाषण बसवलं होतं, त्याचा वाढत वाढत सव्वा तासाचा एकपात्री प्रयोग झाला. शंभर वर्षांपूर्वी बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून मुंबई इलाख्यात दारोदार हिंडलेली ही बाई. जुन्या मासिकांत तिच्याबद्दल चार-दोन पानं सापडतात, तेवढ्यावर मी तिला उभी केली. गडद हिरवं नऊवारी, मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं, खांद्यावर शाल, गोल चष्मा आणि पायांत काळे बूट. तो पोशाख चढवला की मी तिच्यासारखी चालते, तिच्यासारखी खाकरते, लोकांना दरडावते. घरचे म्हणतात, प्रयोगानंतर तासभर माझ्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

प्रयोगात एक प्रवेश आहे, तो आधीच सांगते. द्वारकाबाई अर्जावर सह्या घ्यायला घरोघर जातात. दार उघडणाऱ्या सगळ्या बायका मीच होते. एक लाजरी, एक ठसक्यातली, एक झोपेतून उठलेली. प्रत्येकीचं उत्तर एकच, "त्यांना विचारून सांगते." शेवटच्या दारातली बाई मात्र म्हणते, "मागच्या खेपेला विचारलं होतं मी त्यांना," आणि दार लावून घेते. आमच्याकडे या प्रवेशाला हमखास हशा येतो. शेवटच्या दारालाही येतो.

मुलुंड

माझी कॉलेजची मैत्रीण वसुधा लग्न होऊन मुलुंडला गेली ती तिथलीच झाली. बँकेतून निवृत्त झाल्यावर ती बायकांच्या एका सल्ला केंद्रात जाऊन बसते. महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती, बायकांनी मतदानाला बाहेर पडावं म्हणून ठिकठिकाणी कार्यक्रम चालले होते. त्यात वसुधाने माझे चार प्रयोग लावून टाकले आणि मला फोन करून कळवलं. विचारलं नाही.

तिच्या घरी पोचले तेव्हा मी पिशवीतून कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीचं, पीठ आणि ठेचा काढला. तिने पीठ नाकाशी नेऊन हुंगलं. मग म्हणाली, "इथं कळणं म्हटलं की लोक विचारतात, काय कळलं?"

पहिला प्रयोग तिथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये झाला. समोर बहुतेक ज्येष्ठ नागरिक, स्वेटर घालून आलेले. आमच्याकडे ज्या थंडीत माणसं शेकोटी पेटवतात ती मुंबईकरांनी पाहिलेलीच नाही, आणि ज्याला ते थंडी म्हणतात त्यात आम्ही पंखा लावतो. प्रयोग निम्म्यावर असताना माझ्या उजव्या बुटाचा तळ सुटला. एकेका पावलाला फटक असा आवाज येऊ लागला, म्हणून मी तो पाय ओढत चालले. संपल्यावर एक आजोबा मुद्दाम भेटायला आले. द्वारकाबाईंचं लंगडणं मी फार अभ्यासपूर्वक दाखवलं, इतकं बारीक काम हल्ली कोणी करत नाही, असं ते म्हणाले. वसुधा तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली.

या प्रवासातलं हसणं इथवरचंच.

घाटकोपर

दुसऱ्या दिवशी बूट शिवून घेतला आणि आम्ही घाटकोपरला गेलो. रिक्षा टेकडीच्या पायथ्याशी थांबते. तिथून वर अरुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना दारं, प्रत्येक दाराशी पाण्याची निळी पिंपं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कोणाच्या तरी उंबऱ्यावर उभं राहावं लागतं. वर पोचून मागे वळले तर खाली सगळीकडे उंच इमारती, त्यांच्या गच्चीवरचे पोहण्याचे तलावसुद्धा दिसत होते. आमच्या वाटेवर मात्र बायका हंड्याने पाणी चढवत होत्या.

प्रयोग बुद्धविहारात होता. कार्यक्रम ठरवणारी लता एका इस्पितळात आयाचं काम करते. तिचे आईवडील बुलढाण्याकडून आलेले, त्यामुळे तिच्या बोलण्यात आमच्याकडची लय सापडली आणि मला उगाच बरं वाटलं. विहार बायकांनी भरून गेला होता. लक्ष देऊन ऐकत होत्या. दाराचा प्रवेश आला. पहिल्या दाराला कोणी हसलं नाही. दुसऱ्याला नाही. मी आवाज जरा जास्त गंमतीदार केला, तरी नाही. शेवटचं दार मी लावलं तेव्हा इतकी शांतता होती की बाहेर पिंपात पडणारं पाणी ऐकू येत होतं.

नंतर लताच्या घरी जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, सुकटाची चटणी, कांदा. सुकट मी पहिल्यांदाच खाल्लं. वास आधी अंगावर आला, मग चव आवडली. प्रवेश कुठे चुकला का, असं मी तिला विचारलं.

"चुकला नाही मॅडम," ती म्हणाली. "मत द्यायला आम्ही सगळ्या जातो. एकीचंही चुकत नाही. बाबासाहेबांनी दिलंय ते. कोणाला द्यायचं तेही आमचं आम्हीच ठरवतो. फक्त घरी येऊन सांगत नाही."

सांगितलं तर काय होतं, हे मी विचारलं. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि शेवटच्या दारातल्या बाईला त्या मागच्या खेपेला काय झालं असेल, ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे, असं सांगितलं. मग तिने मला अजून एक भाकरी वाढली.

परतताना त्या पायऱ्या उतरायला मला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. इतकी वर्षं मी तो प्रवेश करते आहे. त्या बाईला विचारल्यावर काय झालं असेल हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, असं मी वसुधाला म्हटलं. ती म्हणाली, तिला केंद्रात दुसरा प्रश्नच पडत नाही.

अंधेरी, मरोळ

अंधेरीचा प्रयोग मरोळच्या गावठाणात होता. काचेच्या इमारतींमधून वळलो आणि एकदम बैठी घरं, लाकडी जिने, चौकात पांढरा क्रूस, त्याच्यावर झेंडूची माळ. इथली जुनी माणसं ख्रिस्ती, बोलतात मराठी, पण त्यांची मराठी वेगळी. पहिल्या पाच मिनिटांत मला निम्मं कळलं नाही आणि त्यांना माझं. क्रूसापुढच्या ओट्यावरच मी उभी राहिले. डोक्यावरून विमानं इतक्या खालून जात होती की दर दोन वाक्यांनी मला हात वर धरून थांबावं लागे. समोरच्यांना त्याचं काही नव्हतं. ते जन्मापासून अशीच वाक्यं तोडून बोलतात.

ज्यांच्याकडे उतरलो त्या फिलू आंटी ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी कोंबडीचा रस्सा केला होता, लाल, खमंग, आणि त्याबरोबर फुगे म्हणून मैद्याचे गोल तळलेले पाव. रश्श्यातला मसाला उन्हाळ्यात घरी कुटून बाटल्यांत भरून ठेवतात, म्हणून त्याला बाटली मसाला म्हणतात. आमच्या काळ्या मसाल्याच्या तोडीचा आहे, हे मी कबूल केलं.

द्वारकाबाईंच्या प्रयोगात मी सांगते की बायकांना पहिल्यांदा मत मिळालं ते सगळ्यांना नाही, जिच्या नावावर मालमत्ता होती तिलाच. आंटींनी तेवढंच धरून ठेवलं होतं. त्यांच्या बापाची भातशेती होती, जिथे आता ऑफिसं उभी आहेत तिथे. ती विकली तेव्हा भावांनी सह्या केल्या. बहिणींना मिठाईचा डबा आला, तेव्हा कळलं. हे सगळं त्या कोणाबद्दल तक्रार करावी तसं सांगत नव्हत्या. ताटात रस्सा वाढता वाढता सांगत होत्या.

मी निघताना त्यांनी द्वारकाबाईंचा नवरा कसा होता, ते विचारलं. चांगलाच असणार, मी म्हटलं, त्याने तिला हिंडू दिलं. आंटी म्हणाल्या, "हिंडू दिलं, हे तुला कोणी सांगितलं?"

 वरून विमान गेलं, त्याने माझी सुटका केली.

बोरिवली

बोरिवलीचा प्रयोग एका महिला मंडळाने ठेवला आहे, एवढंच आम्हाला माहीत होतं. सोसायटीच्या मैदानावर मांडव होता आणि मांडवाच्या तोंडाशी मोठा फलक. फलकावर पांढऱ्या शर्टातल्या एका माणसाचा हात जोडलेला फोटो, खाली कोपऱ्यात त्याच्या बायकोचा, स्टॅम्पाएवढा. तो वॉर्ड यंदा बायकांसाठी राखीव झाला होता. इतकी वर्षं तयारी केलेल्या या गृहस्थांना, ज्यांना सगळे भाऊ म्हणत होते, उभं राहता येत नव्हतं. म्हणून बायको रेश्मा उभी राहणार होती. तिकीट जवळजवळ पक्कं होतं.

भाऊ बोलायला गोड. मला वाकून नमस्कार केला, आमच्या भागातल्या केळ्यांची चौकशी केली. मग हळूच मुद्द्यावर आले. प्रयोगाच्या शेवटी द्वारकाबाईंनी एक वाक्य म्हणावं. माझी मशाल मी आता रेश्माताईंच्या हाती देते, असं. मी सांगितलं की जमणार नाही. द्वारकाबाई कोणाचा प्रचार करायला आलेल्या नाहीत. ते हसत राहिले. वसुधाने मध्ये पडून, जे म्हणायचं ते प्रयोग संपल्यावर तुमच्या तुम्ही माइकवर म्हणा, असं सुचवलं, आणि त्यावर मिटलं.

मेकअपसाठी मला सोसायटीचं ऑफिस दिलं होतं. एक टेबल, भिंतीवर लिफ्टच्या देखभालीची सूचना, आणि मी आणलेला आरसा. नऊवारी नेसून झालं आणि चेहऱ्यावर रंग लावायला बसले, तेवढ्यात दार वाजलं. पिवळी पैठणी नेसलेली, पस्तिशीची बाई. डोक्यावरून पदर घेतला होता. आजकाल मुंबईत असा पदर कोण घेतं, असं माझ्या मनात आलं. तिने स्वतःचं नाव सांगितलं. रेश्मा. फोटो काढायला आलात ना, म्हणून मी उठून उभी राहिले.

ती म्हणाली, फोटो नंतर. आधी तुमच्याकडचं हे जरा हवं होतं. तिने टेबलावरच्या मेकअपच्या डबीकडे बोट केलं. "माझ्या घरातल्या पावडरीने झाकत नाहीये."

तिने पदर मागे घेतला. डाव्या कानाखालून जबड्यापर्यंत जांभळा पट्टा होता, कडेने हिरवट होत चाललेला. वसुधा खुर्चीवर बसली होती, ती उठली आणि तिने आतून दाराला कडी लावली.

मी तिला समोर बसवलं. स्टेजचा रंग थापून लावतात, पण इथे थापता येईना. बोटाच्या टोकाने थोडा थोडा लावत गेले. ती डोळे मिटून बसली होती. कधीतरी तिचा श्वास अडके, मग पुन्हा सुरू होई. एका पत्रकाराने घरी फोन केला होता, तिने सांगितलं. वॉर्डात काय करणार, असं विचारलं. तिने भाऊंना न विचारता उत्तर दिलं. पाण्याबद्दल बोलली, बालवाडीबद्दल बोलली. ते छापून आलं. एवढंच झालं होतं.

"पहिल्यांदाच का?" वसुधाने विचारलं.

"पेपरात पहिल्यांदाच," ती म्हणाली.

वसुधाने तिला सगळं सांगितलं. सल्ला केंद्र कुठे आहे, तक्रार कशी करायची, आजच्या आज मुलुंडला घरी चल, हवं तितकं राहा. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मुलगी आहे, ती म्हणाली, तिसरीत. सासूजवळ घरी आहे. मी इथून परस्पर गेले तर ती मला पुन्हा दिसणार नाही. मुलीला घेऊन निघ, वसुधा म्हणाली. रेश्माने मान हलवली. तिचा विचार पक्का झालेला होता आणि तो तिने आम्हाला समजावून सांगितला, जणू आम्हीच अडचणीत होतो.

"आत्ता मी गेले तर कोण आहे मी? घर सोडून पळालेली बाई. चौकीत उभं करून ठेवतील, त्यांनाच फोन लावतील. निवडून आले तर तसं नाही ना. मग मला ओळखतील. माझ्या नावाला काहीतरी वजन असेल. निवडणूक होऊ दे ताई. मी दिवस मोजून राहिले आहे."

कान आणि जबडा एका रंगाचे झाले. मी तिला आरसा दिला. तिने तोंड दोन्हीकडे वळवून पाहिलं आणि डबी बंद करून माझ्या हातात दिली. मग तिने विचारलं,

"तुमच्या या बाईंना कोणी मारलं होतं का?"

मी म्हटलं, तसं कुठे लिहिलेलं नाही.

"लिहीत नाहीतच," ती म्हणाली, आणि पदर नीट करून गेली.

प्रयोगाला उभी राहिले तेव्हा ती पहिल्या रांगेत भाऊंच्या शेजारी होती. मी खूप वेळा विचार केला आहे की तेव्हा माझ्या मनात काय होतं. माझ्याजवळ माइक होता, पुढे भरलेला मांडव होता, आणि द्वारकाबाईंचा पोशाख अंगावर असला की मला कोणाची भीती वाटत नाही. चार वाक्यं बदलायची होती. द्वारकाबाई एका सभेला गेल्या, गालावर रंग लावून गेल्या, तो रंग का लावला ते ऐका. एवढं म्हटलं असतं तर भाऊंना कळलं असतं आणि मांडवातल्या बायकांनाही. प्रयोग पुढे जात होता आणि मी त्या वाक्यांच्या जवळ येत होते. दाराच्या प्रवेशाला सुरुवात केली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. तिला माझा चेहरा वाचता आला असावा. तिने मान फक्त किंचित हलवली. नको.

मी स्टेजवरून टाळ्या घेऊन मुलुंडला गेले असते. ती त्या रात्री घरी गेली असती.

मी प्रयोग लिहिल्याप्रमाणे केला. शेवटचं दार लावलं. काही बायका हसल्या. भाऊ मोठ्याने हसले आणि त्यांनी टाळी वाजवली.

संपल्यावर त्यांनी माइक घेतला. मशालीचं वाक्य स्वतःच म्हटलं. आजची स्त्री अबला राहिलेली नाही, असंही म्हणाले. रेश्माला पुढे बोलावलं, तिने हात जोडले, तिला माइक दिला नाही. आमचे तिघांचे फोटो निघाले. मध्ये द्वारकाबाई, एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला ती. तो फोटो माझ्या फोनवर आला आहे. रंग छान बसला होता, काही म्हणजे काही दिसत नाही.

मुलुंडला परतताना मी वसुधावर चिडले. तू रोज हे काम करतेस, तुला तिला बाहेर काढता येत नाही, असं बोलून गेले.  ती म्हणाली, "मंदा, ती बाहेर पडायचीच तयारी करतेय गं. आपल्याला आवडेल तशी करत नाहीये, एवढंच." तिने आपला नंबर रेश्माला पाठ करायला लावला होता. फोनमध्ये ठेवायची सोय नव्हती.

परत

अमळनेरला आल्यावर शाळा, पेपर तपासणी, सगळं सुरू झालं. निकालाच्या दिवशी मी वर्गावर होते. सुट्टीत वसुधाचा मेसेज पाहिला, निवडून आली. टीव्हीवर रात्री बोरिवलीची दृश्यं शोधली. गुलाल उधळलेल्या जीपवर भाऊ उभे होते, हारांनी गळा झाकून गेला होता. ती त्यांच्या मागे होती, एक हात जीपच्या दांडीला धरून.

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. वसुधा पाण्याची खोटी तक्रार घेऊन रेश्माला भेटायला तिच्या ऑफिसात जाऊन आली. खुर्चीवर भाऊ होते. तक्रार त्यांनी लिहून घेतली आणि पाण्याचा प्रश्न सुटेल असं आश्वासन दिलं.

मग एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. रेश्मा होती. माझा नंबर तिने वसुधाकडून घेतला होता. बालवाडीच्या उद्घाटनाला आले आहे, तिथल्या बाईंच्या फोनवरून बोलते आहे, असं म्हणाली. आवाज हलका होता, आधी मला वाटलं चांगली बातमी आहे.

काल ती पोलीस स्टेशनला गेली होती. एकटी, रिक्षाने. आत पाऊल टाकलं तर सगळे उभे राहिले, तिने सांगितलं. साहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिच्यासाठी उभं राहिलं होतं. ती खुर्चीत बसली आणि तिने वाक्य जुळवलं. घरून निघाल्यापासून तेच जुळवत आली होती.

"मग?" मी विचारलं.

"तेवढ्यात साहेब म्हणाले, मॅडम, भाऊ नाही का आले? फोन करून बोलावून घेऊ का?"

मी मग विचारलं, तू काय केलंस?

"चहा घेतला, ताई. रस्त्यावरच्या दिव्यांची तक्रार केली आणि आले."

पलीकडे लहान मुलांचा गलका ऐकू येत होता. पुन्हा जाशील का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, आता फीत कापायला बोलावताहेत, आणि फोन ज्यांचा होता त्यांना परत दिला.